काजळ पुसल्यावर

९ डिसेंबर ८६, मंगळ.
असल्फा ते साकीनाका चालत गेले. थंडीत धूर वर जातच नाही, डोंगराच्या पायथ्याशी पांघरूण घेऊन बसतो. त्यात खाणीची पूड आणि नाक्यावर टायर पेटवून शेकणारे. थर्मामीटरच्या कारखान्यात पोचेपर्यंत डोळे लालभडक. भिंगाखाली थर्मामीटर धरला तर पाऱ्याच्या दोन रेघा. चोळले, तर तीन.

१२ डिसें.
मी तपासलेल्या पेटीतले सात परत आले. आकडे पुसट, आणि मी पास केलेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सुपरवायझर बाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. ‘बारा जानेवारीपर्यंत बघते ना. नाहीतर तू पॅकिंगला जा, यार, मी तरी काय करू?’ पॅकिंग म्हणजे दिवसभर कापूस भरायचा. मला माझं भिंगच पाहिजे.

१४ डिसें., रवि.
घरी कळलं. आई, म्हणजे सासूबाई, लगेच कामाला लागल्या. एरंडेलाचा दिवा, वर पितळी ताटली उपडी, काजळी धरली, तूप, कापूर जरा जास्तच. सगळं चाचपडत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर म्हणतात अजून पिकला नाही. कुणी चुलीजवळ जाऊ देत नाही, भाजी निवडू देत नाही. काजळ तेवढं त्यांचं राहिलंय. ‘सकाळी घालीन हां. डोळे थंड रवतले.’ हे पेपरामागून हसले. यांना काय, यांच्या डोळ्यांत कोण बोट घालतंय.

१८ डिसें.
थंड कसले, निखारे. पण रोज सकाळी त्यांचं बोट बरोब्बर पापणीवर येतं. आयुष्यभराची सवय. मी मुकाट बसते.

२१ डिसें., रवि.
घाटकोपरला डोळ्यांचे डॉ. चष्म्याचा नंबर तेवढाच! मला रडूच आलं. कोरडी हवा, धूर, धूळ, आणि वरून काजळ. ‘ते आधी बंद. चोळायचं नाही. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, हे थेंब दिवसातून तीनदा.’ थंडी सरली की आपोआप कमी होईल म्हणाले. उड्या मारत जिना उतरले आणि खाली आल्यावर आई आठवल्या. त्यांना कसं सांगू, तुमच्या हातानेच…

२३ डिसें.
नाही सांगितलं. काजळ घालून घेतलं, मोरीत जाऊन पुसलं, धुतलं, थेंब टाकले. चोरासारखं वाटलं. पण दुपारपर्यंत रेघ एकच.

३० डिसें.
डोळे बरे. मन नाही. आज आईंनी विचारलं, ‘बरा वाटता मां?’ म्हटलं, तुमच्या काजळाने हो. किती खूश झाल्या. माझी मलाच लाज वाटली.

४ जाने. ८७, रवि.
वाट लागली. मोरीतला टॉवेल त्यांच्या हाताला लागला. बोटांनी चाचपला, नाकाशी नेला. ‘टॉवेलाक कापराचो वास कसो येता गो?’ मग सगळं सांगितलं, डॉक्टर, थेंब, रोजचं पुसणं. त्यांनी टॉवेल घडी करून ठेवला. ‘माका सांगूक होया होता,’ एवढंच. काजळाची डबी ट्रंकेत गेली. जेवण अर्धं टाकून उठल्या.

७ जाने.
तीन दिवस बोलणं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळी त्यांच्यासमोर उगाचच जाऊन बसते, सवयीने.

९ जाने.
धुकं, धूर, सगळं तेच. पण पुसट आकड्याचे दोन थर्मामीटर पकडले. बाई नुसत्या मान हलवून गेल्या. होकार की काय, कळेना.

११ जाने., रवि.
मी पास केलेली नवी पेटी पुन्हा तपासून परत यायची ती उद्या. एकही चुकीचा निघाला तर कापूस.
सकाळी थेंबांची बाटली घेऊन बसले, तर आई समोर. ‘हात साबणान धुतलंय. हाड ती बाटली हयसर.’ मी बाटली दिली, डोकं त्यांच्या मांडीवर टेकलं. पहिला थेंब नाकावर. ‘पडलो?’ तोंडात हो आलं होतं. म्हटलं, ‘नाही आई, नाकावर.’ दुसरा गालावर. ‘पडलो?’ ‘नाही.’ त्यांनी डावं बोट पापणीवर ठेवलं, तेच काजळाचं, आणि बाटली त्याच्या आधाराने आणली.
‘आता?’
‘आता पडला.’
‘मगे दुसरो डोळो उघड.’