प्रिंटरच्या नावाची फाइल

सोमवार, १४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा काय म्हणतोय? कंपनीच्या लिफ्ट तपासणाऱ्याची बायको, आणि घर मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत! जिने कमी चढा म्हटलं तरी तुम्ही ऐकायच्या नाहीत, तरी लिहितो.

दादाची मेल सापडली. खरं तर आधी हेच लिहायला हवं होतं.

लिफ्ट कोसळून त्या मेकॅनिकचा पाय गेला, तेव्हापासून कंपनी म्हणतेय की ब्रेक झिजल्याचं दादाने कधी कळवलंच नाही. सर्व्हरवरची जुनी मेल केव्हाच साफ झालेली. उरला दादाचा कॉम्प्युटर. तो तपासायला नेमका आमच्याच सायबर प्रयोगशाळेत आला आणि सख्खा भाऊ म्हणून मला खोलीबाहेर बसवलं. रोज लोकांच्या फायली हुडकणारा मी, काचेतून बघत नखं खात होतो; आतलं बोलणं दाराच्या फटीतून कानावर यायचं.

पण वहिनी, आमच्या मॅडमचं काम बघायला हवं होतं तुम्ही! आधी डिस्कची हुबेहूब प्रत केली, मूळ डिस्क कपाटात बंद. मग नावावरून शोध. मेलचा साठा ज्या फाइलीत राहतो, तिच्या नावाला ठरावीक शेपूट असतं. तसं एकही नाव निघालं नाही. दुसऱ्या कुणीही तिथे हात टेकले असते. मॅडम म्हणाल्या, "नाव काय, कुणीही बदलतं. आत काय आहे ते बघू." प्रत्येक फाइलीच्या अगदी सुरुवातीला तिच्या प्रकाराची खूण असते, ती नाव बदलून जात नाही. त्यांनी सगळ्या डिस्कभर ती खूण शोधली. जुन्या प्रिंटरच्या फोल्डरमध्ये, प्रिंटरचंच नाव लावून, दादाची मेल निवांत बसलेली! मी बाहेर टुणकन उडी मारली. मॅडमनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बाईंपुढे खरंच हात जोडावेत.

अहवालात वाचलं, दादाने तीनदा कळवलं होतं. फोटो जोडून. "ही लिफ्ट आजच बंद करा, माणूस जाईल."

मग चौकशीत तो गप्प का बसला, असं तुम्ही विचाराल. मी मघापासून त्याच्याच भोवती घिरट्या घालतोय. तिसऱ्या मेलला वरून, त्याच्या साहेबांकडून, उत्तर आलं होतं, "लिफ्ट चालू राहील. पुन्हा लिहू नकोस." ते साहेब म्हणजे तुमचे थोरले भाऊ, वहिनी.

फाइलीचं नाव अपघाताच्या दुसऱ्या दिवशी बदललंय. तुमच्या माहेराला झळ लागू नये म्हणून दादाने नोकरी, अब्रू, सगळं पणाला लावलं. पण फाइल पुसायला त्याचा हात धजला नाही. लपवणं चूकच होतं, ते मी त्याला तोंडावर सांगीन. तरी एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिलेला नाही.

अहवाल आज दाखल झाला. उद्या सगळ्यांना कळेल, त्याआधी तुम्हाला घरच्या माणसाकडून कळावं. फोनवर जीभ रेटेना, म्हणून हे हातोहात पाठवतोय. मेल सापडल्याचं दादाला अजून माहीत नाही. भावासाठी रडायचं तर खुशाल रडा. पण उद्या दादा तुमच्याकडे बघायला धजणार नाही. तेव्हा तुम्हीच त्याच्याकडे बघा.

तुमच्या माहेराचा अपराधी झालेला,
तुमचा धाकटा दीर