तिसगावच्या अलीकडचा मुक्काम

आण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो. आता तुमची कावड माझ्या खांद्याला बसते. यंदा दुष्काळ फार मोठा. गावातली निम्मी माणसं सरकारी कामावर खडी फोडायला गेली, म्हणून पैठणहून गंगेचं पाणी आणून यात्रेला भैरोबाला घालायचं यंदा राहू द्यावं, असं थोरल्या चुलत्यांनी ठरवलं. मी म्हणालो, मी एकटा जातो. "एकट्यानं कावड हुती व्हय रे? लघवीला गेल्यावर काय देव धरंल?" ते म्हणाले आणि पारावरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मला तीच काळजी होती. कावड एकदा भरली की देवळापर्यंत जमिनीला टेकवायची नाही. झाडाला टांगायची, नाहीतर दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची. तरी मी निघालो. दोर दोनदा बदलला, कळश्यांची तोंडं फडक्यानं बांधली, गाठी पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्या.

तुम्ही सांगितलेलं सगळं वाटेत आठवत होतं. तुम्ही चुलीपुढे बसला आहात, पाय कढत पाण्यात, आई भाकरी थापते आहे. "मुक्काम मागताना आधी झाड बघायचं, मग माणूस," तुम्ही मला सांगता. मग त्या सालची गोष्ट. सोबतचा गडी तापानं मागे राहिला, तिसगावच्या अलीकडे अंधार पडला आणि बौद्ध वस्तीवरचा एक माणूस म्हणाला, द्या खांदा, तुम्ही जरा बसा. तुम्ही दिला नाहीत. उजाडेपर्यंत उभे राहिलात. हे सांगताना तुमची मान ताठ होती. आईचा भाकरी थापणारा हात थांबला होता. तेव्हा मला वाटलं, भाकरी करपेल.

शेवगावपर्यंत तुमची घरं मिळाली, झाडंही मिळाली. पुढे मात्र तुमच्या मुक्कामाच्या वस्तीला कुलूप होतं आणि दारातला लिंब गुरांसाठी इतका छाटलेला, की नुसतं खोड उरलं होतं. दिवस मावळत होता. खांदा सोलवटला होता. पुढे तुमच्या गोष्टीतली तीच बौद्ध वस्ती. दारात एक म्हातारा रस्त्याच्या कामावरून येऊन हातपाय धूत होता, एका तांब्याच्या पाण्यात दोन्ही पाय. त्यानं मला पाहिलं आणि बायकोला हाक मारली, "अगं ये, आली बघ आनखी एक कावड." मग मला म्हणाला, "मागं एक जन असाच रातभर हुबा ऱ्हायला हुता. म्या म्हनलं, दे खांदा. न्हाई दिला."

"ते माझे वडील," मी म्हणालो.

त्यानं तांब्या खाली ठेवला. "मंग लई पाय दुखलं असत्याल त्याचं," तो म्हणाला. आण्णा, त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

म्हातारी पुढे आली. "आमी देव सोडलं बाबा. पर तुजं पानी खाली न्हाई पडू देनार. तुज्या देवाला चालतंय का, त्ये तू बघ."

म्हाताऱ्यानं हात आडवा केला. "थांब. खांदा देतो, पर हितं ऱ्हायलास त्ये गावात सांगायचं. लपवायचं असंल तर आत्ताच म्होरं व्हय."

वेशीवर मुक्काम विचारतात, हे मला माहीत होतं. काय होईल तेही माहीत होतं. मी कावड त्याच्या खांद्यावर दिली. मी भाकरी आणि ठेचा खाल्ला, झोपलो. त्या दोघांनी पाळीपाळीनं कावड धरली. पहाटे म्हातारी म्हणाली, "पुढल्या साली दोघं या रं. माजा खांदा काय बैलाचा हाय?"

वेशीवर थोरल्या चुलत्यांनी एकेक मुक्काम विचारला आणि मी एकेक सांगितला. तिसगावच्या अलीकडचाही सांगितला, खांदा कुणाचा होता तेही.

"तुज्या बापानं रात हुभ्यानं काढली, आन् तू? ही कावड देवळात न्हाई जायची."

"मग कुठे ठेवू, सांगा," मी म्हणालो.

खाली ठेवता येत नाही, आणि घ्यायला कुणी पुढे येत नाही. मी तिथेच उभा राहिलो. ऊन चढलं, माणसं जमली. मला भीती वाटत होती, पण पाय हलवायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. शेवटी देवळातला गुरव आला. "देव तापलाय आन् तुमी भांडत बसा. चल रे," म्हणाला आणि पुढे चालू लागला. चुलते बाजूला झाले नाहीत, मी त्यांना वळसा घालून गेलो. पाणी भैरोबाला पडलं. चुलते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

हा कागद घेतला तो तुमची परवानगी मागायला. पुढच्या चैत्रात पुन्हा त्याच दारी मुक्काम करू का, असं विचारणार होतो. पण खरं सांगतो आण्णा, पहाटे निघताना त्या दोघांना मी येतो म्हणून शब्द देऊन आलो आहे. तुम्ही असता आणि नाही म्हणाला असता, तरी गेलो असतो.