पासष्ट किलोमीटर

देऊळघाट, ३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतीक्षा हिले ताईचे आशीर्वाद वि. वि.

तुझे फोन मी मुद्दामच उचलत नाही. बोलाले लागली की रडू येते, म्हणून पत्र.

यांनी मोबाईलवर पाहून सांगितलं, मुंबई ते मेलबर्न नऊ हजार आठशे किलोमीटर, विमानात बारा तासांच्या वर. आपलं वडनेर ते देऊळघाट पासष्ट किलोमीटर, एसटीनं दोन तास. अन् मायचे गुडघे एसटीतच दुखतात! तुझ्याकडं येताना विमानात काय काढून ठेवले होते वं?

लग्नाच्या अकरा वर्षांत माय माह्या घरी तीनदा आली. तिन्ही डाव पिशवीत सोताची भाकर, बाटलीत सोताचं पाणी. लेकीले लेकरू होत नाही तोवर तिच्या घरचं खात नसतात म्हणे. नाही झालं मले लेकरू. मी वाढलेलं ताट झाकून ठेवलं अन् ती संध्याकाळच्या गाडीनं वापस गेली. पण तुझं बाळ तं मार्चात येणार, अन् माय गेली जानेवारीतच. दीड महिना उपाशी राहते काय? का हा नियम फक्त देऊळघाटले लागू आहे? जळते मी, हाव, जळते.

कुलदीपरावांले नमस्कार. तब्येतीले जपजो. राग आला म्हणून माया आटत नसते.

तुही ताई,
कोकिळा

मेलबर्न, १९ फेब्रुवारी

ती. ताईले प्रतीक्षाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मी मायले वाचून दाखवलं. शिव्या द्यायच्या तं दे.

पहिले दोन दिवस माय सोबत आणलेल्या दशम्यांवरच राहिली. तिसऱ्या दिवशी चक्कर आली, तेव्हा कुठं माह्या हातचं खाल्लं. पहिलाच घास घेतला अन् रडाले लागली. म्हणे, कोकिळीचं झाकलेलं ताट डोळ्यापुढं येते. तेव्हापासून घरात तुझंच नाव. मी भाजी केली की म्हणते, कोकिळीच्या हाताची चव नाही. लग्नाआधीची तुझी भाजी तिले अजून आठवते! ताई, जळाले तुले एकटीलेच येते काय?

आता मायचा निरोप. परतीचं विमान अठ्ठावीस एप्रिलचं. रेल्वेनं मलकापूरले उतरेन, पण वडनेरले जाणार नाही, सरळ देऊळघाटले येईन. घरात पाळणा असो का नसो, जेवीन अन् राहीन. बारा तास बसवलं, तं दोन तासही बसवते, असं म्हणे.

लोभ आहेच, तो भांडूनही वाढू दे.

तुझी,
प्रतीक्षा

देऊळघाट, ८ मार्च

ती. मायले कोकिळेचा नमस्कार वि. वि.

निरोप वाचता वाचता तीनदा पदरानं डोळे पुसले. पण माय, अकरा वर्षांचा राग एका निरोपानं जात नसते.

नवी ज्वारी दळून ठेवते. पिशवीत भाकर दिसली तं दारातूनच वापस धाडीन. हे मलकापूरच्या ठेसनावर गाडी घेऊन येतील, गुडघ्याचं नावच नको. प्रतीक्षाचं सुखरूप होवो म्हणून शेगावले नारळ बोलली आहे. जळत जळत बोलली, पण बोलली.

एक मात्र आताच सांगून ठेवते. तू गेली त्या अठ्ठावीस जानेवारीपासून मी बोटावर मोजलं. तिच्याकडं तू नव्वद दिवस राहशील. माह्याकडं एक्क्याण्णव.

वाट पाहून राह्यलेली,
तुही मोठी लेक
कोकिळा