मंजुळाबाईच्या नावाचा निकाल

प्रिय आई,

काल चिखलीच्या कोर्टात तुझं नाव ऐकलं. तू जाऊन चार वर्षं झाली, आणि एक अनोळखी वकील जाडजूड पुस्तक उघडून जजसाहेबांसमोर तुझं नाव वाचत होता! तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

उंद्रीतली माझी शेजारीण काशी तुला आठवते ना? तिलाही भाऊ नाही. बापाच्या मागे आलेलं वावर तिनं लेकीच्या नावे लिहून दिलं, तर चुलतभावानं दावा ठोकला. तिला वाचता येत नाही, म्हणून मी सोबत गेले.

तुझंही असंच झालं होतं. आजोबांना तू एकटीच. शेवटची तीन वर्षं ते अंथरुणाला खिळले, तेव्हा शेजारच्या गिरजामावशीनं त्यांचं सगळं केलं. ते गेल्यावर तू त्यांच्या वावराचा नदीकाठचा पट्टा तिला बक्षीस दिलास. तुझा चुलतभाऊ, भाऊमामा, अंगणात उभा राहून ओरडला होता, "बेटीले वावर जगन्यापुरतं भेटते! दान कराले तुले कोनी सांगतलं?"

तू शांतपणे म्हणालीस, "माह्या बापाचं हाय, भाऊ. मले काऊन नाही देता येत?"

त्यानं दावा लावला, आणि पहिल्या कोर्टात तू हरलीस. बाबा म्हणाले, पुरे आता. पण तू मेहकरहून मलकापूर गाठलंस, आणि जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसून नागपूरला गेलीस. तिथे सगळं इंग्रजीत चाललेलं! वकिलांनी तुला समजावलं होतं: वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालतो, पण आपल्या घरादाराचा कायदा पश्चिमेकडचा, मराठी मुलखाचा. तिकडे लेक बापाच्या मिळकतीची पुरी मालकीण होते, हवं त्याला देऊही शकते. मोठ्या कोर्टानं तेच मानलं.

वकील बाहेर येऊन म्हणाले, "बाई, वावर तुमचं."

तू विचारलंस, "मंग गिरजाचं?"

"तुमचं ठरलं, म्हणूनच गिरजाचं झालं."

हे तू किती हसत सांगायचीस! पण मी तेव्हा हसले नाही गं. माझ्या लग्नात भाऊमामा आला नाही. मुंडावळ्या बांधताना मी तुला म्हणाले, "एका पट्ट्यापायी मामा घालवलास." तू नुसती गाठ घट्ट केलीस. निदान रागवायचं तरी होतंस! त्या निकालाचं मोल मला समजावून का नाही सांगितलंस? की तुलाही ते ठाऊक नव्हतं?

काल समजलं. काशीच्या वकिलानं तुझा निकाल वाचला, तशी समोरच्याची बाजूच ढासळली. जजसाहेब म्हणाले, "नागपूरनं हा प्रश्न सोडवलेला आहे. मी वेगळं काय ठरवणार?" काशीला नागपूरपर्यंत जावंच लागलं नाही, आई. तिच्यासाठी तू आधीच जाऊन आली होतीस.

बाहेर आल्यावर काशीनं विचारलं, "हे मंजुळाबाई कोन व्हय वो?"

"माही आई," मी म्हणाले. तिनं रस्त्यातच माझे हात धरले. आम्ही दोघी रडलो, मग हसलो, मग गरम भजी खाऊन बसनं घरी आलो.

त्या वकिलांकडून तुझा निकाल मी मराठीत उतरवून घेणार आहे. उंद्रीतल्या बायांना ओसरीवर बसवून वाचून दाखवीन. आणि वचन देते, माझ्या देखत कोणतीही बाई वाचून न घेतलेल्या कागदावर अंगठा लावणार नाही.

तुझ्यावर उगाच रुसलेली, आता मिरवणारी,
तुझी शांता