दुसऱ्याचं लेकरू

तात्या, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी त्रेचाळीस वर्षांची झाले आणि माझं लग्न झालेलं नाही. तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकते. तुमच्यामागं तीन वर्षांनी आई गेली, तेव्हापासून भवानीनगरच्या या घरात मी एकटीच आहे. रोज सकाळच्या एसटीनं बारामतीला, त्याच लॅबमध्ये कामाला जाते. दिवस गेलेत का ते तपासायला बायका येतात. रिपोर्ट हातात देताना त्यांच्या तोंडाकडं बघायचं नाही असं ठरवते, आणि दरवेळी बघते.

तुम्हाला मोरगावचे ते मास्तर आठवतात? मी एकतीसची होते. त्यांची बायको वारलेली, चार वर्षांची मुलगी सोबत आणलेली. तुम्ही बाहेर त्यांच्याशी बोलत बसला होता आणि ती पोर सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्या परातीपाशी उभी राहिली. मी तिला पिठाचा एवढासा गोळा दिला. तिनं थापलेली वेडीवाकडी भाकरी मी तव्यावर भाजून दिली, तर गुळासोबत सगळी खाल्ली. जाताना माझा पदर सोडेना. ती माणसं गेल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "माझी लेक काय दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला जन्मलीय व्हय? पुन्हा असलं स्थळ दारात आणायचं न्हाय." मला म्हणायचं होतं, तात्या, मला चालतंय. मी परात घासत राहिले. माझ्यावरच्या मायेपोटीच तुम्ही बोललात हे मला कळत होतं, म्हणून तर तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

गेल्या दिवाळीनंतर एकजण भेटले. इंदापूरचे, तहसील कचेरीत नोकरीला, सत्तेचाळीस वर्षांचे, घटस्फोट झालेला. इंदापूरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही चार रविवार भेटलो. प्लेटमधली कुरकुरीत भजी ते निवडून माझ्याकडं सरकवायचे. इतक्या वर्षांत माझ्यासाठी असं कुणी काही केलं नव्हतं. चौथ्या रविवारी मी सांगितलं, मला मूल हवंय, दत्तक घेतलं तरी चालेल.

ते चहा ढवळत म्हणाले, "ह्या वयात? शाळेत लोक आजोबा समजतील मला. आपण दोघं हाय की एकमेकांना."

"मला दोन्ही हवंय," मी म्हणाले.

"मग माझ्याच्यानं न्हाय व्हायचं." आवाजात राग नव्हता. मला एसटीत बसवून दिलं, गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. शेजारची जागा रिकामी होती. कुणी बसू नये म्हणून मी तिथं पर्स ठेवली आणि घर येईपर्यंत रडले.

त्यानंतर महिन्याभरानं मी एकटीनंच दत्तक घेण्याचा अर्ज केला. मंगळवारी दत्तक संस्थेतून एक मॅडम घर बघायला आल्या. पलंग, न्हाणी, गॅस सगळं बघितलं. मग विचारलं, "उद्या लग्न करावंसं वाटलं तर?"

"आजही वाटतंय," मी म्हणाले. "चांगला माणूस भेटला तर करणार. पण तोवर लेकराला ताटकळत ठेवणार नाही." एवढं बोलताना मी लाजले नाही, तात्या. त्यांनी ते लिहून घेतलं. वाट बघावी लागेल म्हणाल्या, किती ते सांगता येत नाही. त्या गेल्यावर घर रोजच्यापेक्षा जास्त रिकामं वाटलं. मी दोन कप विसळले आणि पालथे घातले.

हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. तुमची आठवण येत नाही असा दिवस जात नाही. जेवायला बसल्यावर तर फारच येते. पण तुम्ही असता, तर हा अर्ज मी केला नसता.