पियानोला हात

मोहाच, जूनअखेर

प्रिय बाबा,

मी बरी आहे, खोकलाही गेला. आईचा खसखशीचा रोल सगळ्यांनी मिळून संपवला. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

आपलं संगीतशिक्षक विद्यालय अखेर बंद झालं. माझ्या शिक्षणाची काळजी नको, काहीतरी बघेन.

नियम तुमच्या वेळचाच होता. पहिलं वर्ष नुसतं गायचं, पियानोला हात लावायचा नाही. मी एकदा झाकण उघडलं, तर पिरोश्काबाई म्हणाल्या, "आधी गळा तयार कर. तो कुठे पळून जातोय?"

तुमच्या पहिल्या तुकडीने जिन्यावरून वर चढवलेला तो पियानो काल विकला. खाली न्यायला माणसं कमी पडली. बाईंनी आम्हा पहिल्या वर्षाच्या मुलींना बोलावलं.

"आता लावा हात," म्हणाल्या.

तुमची,
बोरोका