लग्नाचा फेस

लॉस एंजेलिस
१६ जानेवारी २०११

ती. होविताताईस,
धाकट्या सेनाइदाचा सा. न. वि. वि.

फोन केला की मी इकडून ओरडते आणि तू तिकडून भलतंच उत्तर देतेस. मागच्या वेळी मी तुझ्या तब्येतीचं विचारलं, तर तू शेजारच्या कोंबड्यांची खुशाली सांगितलीस. तुझे कान आता फोनच्या कामाचे राहिले नाहीत, तेव्हा पत्रच बरं. रुतिलिओ म्हणतो की मावशी हल्ली जेवताना बोलत नाही, भाकरी अर्धी टाकून उठते. आरोग्य केंद्रातल्या नर्सने रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, तर म्हणे तू तिलाच विचारलंस की बाई, तुझं लग्न कधी.

म्हणून गावी येणाऱ्या एकाच्या हाती पुडकं पाठवते आहे. मी काम बदललं हे तुला माहीत आहे. या नव्या दुकानात कच्चा कोको मिळतो. भाजायचा नाही, उकळायचा नाही, नुसता कुटून कोमट पाण्यात घ्यायचा. पाकिटावर लिहिलंय की याने मन उल्हसित होतं, हृदय बळकट होतं, रक्तदाब उतरतो आणि आत दाबून ठेवलेलं सगळं मोकळं होतं. इथल्या मुली पेला आधी छातीशी धरतात, डोळे मिटतात, मग पितात. एक तर दर बुधवारी रडते आणि जाताना मला मिठी मारते. हसू नकोस. मी स्वतः रोज एक पेला घेते आणि माझे पाय दुखायचे कमी झालेत. तूही रोज सकाळी एक चमचा घे.

आता रुतिलिओच्या लग्नाचं. मे महिना ठरला, छान झालं. मला येता येणार नाही हे तुला सांगायला नको. कागद नसलेल्या बाईने एकदा इथून पाय बाहेर काढला की परत यायला तेच वाळवंट, आणि आता माझ्याच्याने ते चालवणार नाही. माझ्या जागी वरमाय म्हणून तू उभी राहा. पेजेवर चढवायचा लग्नाचा कोकोचा फेसही तूच करायचा, तुझ्यासारखी रवी गावात कुणाची फिरते? लग्न झालं की दोघांनी इकडे यायचं ठरवलंय. गालिच्यांच्या गोदामात मी त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे, आणि सीमेपलीकडून आणणारा माणूस खात्रीचा आहे. चार वर्षांचं लेकरू तुझ्या ओटीत घालून आले होते, ते आता माझ्याजवळ येईल. तुलाही आनंदच होईल.

लोभ आहेच, त्यात चमचाभर कोकोची भर पडो.

तुझी,
सेनाइदा


तेओतित्लान
९ फेब्रुवारी २०११

चि. सेनाइदास,
अनेक आशीर्वाद.

पुडकं पोचलं. पिशवीवर चियापासचं नाव आहे. म्हणजे बिया आपल्या शेजारून निघाल्या, तुझ्यापर्यंत गेल्या आणि परत इथे आल्या. एवढ्या प्रवासात एकालाही त्या भाजाव्याशा वाटल्या नाहीत याचं नवल वाटलं. मी तवा चढवला आणि भाजायला घेतल्या. रुतिलिओ मागावरून उठून धावत आला, आईने भाजू नको म्हणून सांगितलंय म्हणत. तोवर अर्ध्या झाल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या त्याने ताब्यात घेतल्या आणि रोज सकाळी मला चमचा चमचा कुटून दिल्या. चव जुन्या चपलेची. मन उल्हसित वगैरे झालं नाही. झोप मात्र उडाली, आणि मी कोंबड्यांच्या आधी उठून अंगण झाडायला लागले. अंगण उल्हसित आहे. नर्सने दाब परत मोजला, तो होता तिथेच आहे. तिचं लग्नही होतं तिथेच आहे.

एक सांगते. कोको प्यायल्याने मन चांगलं होतं, हे तुम्ही लोकांनी उलटं धरलंय. मन चांगलं असेल तर कोको चांगला होतो. आईने दोघींना शेजारी बसवून शिकवलं होतं. रवी धरणारीच्या पोटात राग असला, किंवा चुलीपाशी कुणी कुढणारी बसली, की मडक्यात फेस धरत नाही. हे पाकिटावर छापायला सांग.

लग्नाच्या फेसासाठीचा पांढरा कोको सप्टेंबरातच खड्ड्यात पुरला आहे. अधूनमधून पाणी घालते, माती चाचपून बघते. एप्रिलमध्ये काढीन, तोवर तो आत खडूसारखा व्हायला हवा. औरेलिया मुलगी हसरी आहे, स्वतः मागावर बसते. तिच्या घरचे जरा मानापानाचे आहेत, पण माणसं वाईट नाहीत. रुतिलिओचा लाल रंगावर हात बसला आहे. बाकी सगळं ठीक.

लोभ होता तसा आहे.

होविता


लॉस एंजेलिस
६ मार्च २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू बिया भाजल्यास हे मी दुकानात सांगितलं तर मालकीणबाईंनी छातीवर हात ठेवला. कच्च्यातच सगळा गुण असतो म्हणे, भाजला की गेला. मी मान डोलावली. पण खरं सांगू, ताई, त्या क्षणी मला आपल्या तव्यावरचा वास आला आणि मला सिंकपाशी जाऊन उगीच चार भांडी घासावी लागली.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कोंबड्या आहेत, अंगण आहे, नर्स आहे, खड्डा आहे. रुतिलिओ इकडे येणार त्यावर मात्र अवाक्षर नाही. विसरलीस की शाई संपली? मी त्यांच्यासाठी खिडकी असलेली खोली बघितली आहे. भिंती निळ्या रंगवून घेतल्या. त्याला अजून निळाच आवडतो ना?

फेसाचं तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव. फेस धरला नाही तर हात दुखत असतील, वय झालं असेल, एवढंच. सोबत बॅटरीवर चालणारी रवी पाठवते. बटण दाबलं की गरगर फिरते. इथे दुधाला फेस याच रवीने आणतात, आणि रवी धरणारा पोरगा तर दिवसभर चिडलेला असतो.

रागावली असलीस तरी लोभ चालू ठेव.

तुझी,
सेनाइदा


तेओतित्लान
१८ एप्रिल २०११

चि. सेनाइदास,
आशीर्वाद.

निळा त्याला आवडायचा तेव्हा तो चार वर्षांचा होता.

साखरपुड्याला औरेलियाच्या घरी फेस करायला मला बसवलं. मक्याची पेज वाडग्यांत ओतून तयार, पाहुणे ओळीने बसलेले. मी रवी फिरवत राहिले. वर आलं ते थुंकीसारखं, आणि बघता बघता बसलं. पेज तशीच वाढली, बोडकी. खड्ड्यात पाणी जास्त झालं असावं, असं मी सांगितलं. प्राक्सेदिसने तोंड वाकडं केलं. गावात तिची रवी माझ्यानंतरची, आणि मी कधी म्हातारी होते याची ती माझ्या तिशीपासून वाट बघते आहे. ती म्हणाली की खड्ड्याला पाणी लागलं की माणसाला लागलं, ते मडक्याला बरोबर कळतं.

तुझी बॅटरीची रवी मिळाली. मी तिने अंडी फेटते. अंड्यांना कुणाच्या मनातलं काही कळत नाही.

गंमत बाजूला ठेवून लिहिते. लग्नाच्या दिवशी फेस आला नाही तर औरेलियाच्या घरचे म्हणतील की मुलाकडच्या कुणाला तरी हे लग्न मनातून नको आहे. मग ती पोरगी आयुष्यभर या घरात मान खाली घालून वावरेल. तिचा काही दोष नाही. पांढरा कोको मी पुन्हा उकरून बघितला, उत्तम झाला आहे. खड्ड्याला पाणी लागलेलं नव्हतं.

लोभाचं नंतर बघू.

होविता


लॉस एंजेलिस
२ मे २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते, पत्र लग्नाआधी पोचायला हवं. कोकोत दोष नाही असं तूच लिहिलंस, म्हणजे उरलीस तू. राग माझ्यावर असेल तर सरळ लिही, शिव्या घाल, मला चालेल. नाहीतर रवी प्राक्सेदिसच्या हातात दे आणि मोकळी हो. पण माझ्या मुलाचं लग्न बोडक्या पेजेवर होऊ देऊ नकोस. मला तिथे उभं राहता येत नाही, एवढं तरी नीट होऊ दे.

लोभ आत्ताच हवा आहे, नंतर नको.

सेनाइदा


तेओतित्लान
३० मे २०११

चि. सेनाइदास,
अनेक आशीर्वाद.

लग्न झालं. तुला शेजारपाजारच्यांकडून फोनवर तिखटमीठ लावून कळलंच असेल, तरी मी सांगते.

रवी मी प्राक्सेदिसला दिली नाही. सकाळी आम्ही सगळ्याजणी चुलीभोवती बसलो. मी पाट्यावर वाटलेला कोको घेतला, गार पाणी घातलं आणि सुरुवात केली. काही नाही. हात बदलले, पाणी बदललं, मडकं बदललं, तरी काही नाही. तेव्हा प्राक्सेदिसने हुकूम सोडला की जिच्या पोटात काही असेल तिने निमूट बाहेर व्हावं, नंतर कुणी विचारणार नाही. औरेलियाची काकू उठली, टर्कीच्या वाटणीवरून तिचं आदल्या दिवशी बिनसलं होतं. मग तिची जाऊ उठली. मग आणखी दोघी. कुत्र्यालाही हाकललं. शेवटी प्राक्सेदिस स्वतः उठली. म्हणाली की होविता, तुझा हेवा मला आहेच, तेव्हा मीही जाते. स्वयंपाकघरात मी एकटी राहिले. खांदे निखळेपर्यंत घुसळलं, सेनाइदा. मडक्यात चिखलाचं पाणी. मान वर केली तर दारात सगळ्याजणी उभ्या होत्या आणि औरेलिया नव्या कपड्यांत त्यांच्या मागे.

मी रवी ठेवली आणि बाहेर जाऊन लाकडांच्या ढिगावर बसले. प्राक्सेदिस आत गेली. मला ऐकू काय येणार, पण बायकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. मग दिसलंच, फेस मडक्याच्या काठावरून उतू जात होता.

रुतिलिओ नवरदेवाच्या कपड्यांत तसाच माझ्याकडे आला आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं की मावशी, राग कुणावर. मी त्याला हळूच सांगितलं. निदान मला ते हळू वाटलं. नंतर कळलं की वाजंत्रीवालेसुद्धा थांबले होते. मी म्हणाले की तुझ्या आईवर, तिने तुला माझ्याकडे ठेवायला दिलं आणि मी वेडी तुला माझा समजून बसले. आणि तुझ्यावर, कारण तू जायचं ठरवलंस आणि मला विचारलं नाहीस, सांगितलंसुद्धा तिने. शिवाय ते वाळवंट कुणालाही ओळखत नाही, तूही त्याला ओळखीचा नाहीस. बोलून गेले खरी, आणि मग लाजेने कुठे बघावं कळेना. औरेलियाची आई आली, मला वाटलं आता ऐकवणार. तिने आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली, म्हणाली की असा राग असलेल्या घरात मुलगी द्यायला हरकत नाही.

पहिला वाडगा रुतिलिओने मला आणून दिला आणि संपेपर्यंत समोर उभा राहिला. तुझा तो खात्रीचा माणूस त्या आठवड्यात आला होता. रुतिलिओने त्याला दारातून परत पाठवलं. मग मागावर जाऊन बसला. मागाचे ठोके मला ऐकू येत नाहीत, जमिनीतून पायाला कळतात. ते नेहमीसारखे चालू आहेत. दोघं तिकडे जात नाहीत हे मला औरेलियाने सांगितलं. मी त्याला राहा म्हटलं नाही, सेनाइदा. जा असंही म्हटलं नाही.

लोभ तोडलास तर मला बोलायला तोंड नाही.

तुझी,
होविता


लॉस एंजेलिस
१९ जून २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि फोटो मिळाले. रुतिलिओच्या मिशीला फेस लागला आहे, औरेलिया त्याच्याकडे बघून हसते आहे. मिशी त्याला कधी आली हे मला माहीत नव्हतं. त्याचा फोन आला होता. तो बराच वेळ रडला आणि मी बराच वेळ बरं बरं म्हणत राहिले. वाळवंटाबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे, आणि तो सुखरूप घरी आहे हे चांगलंच झालं. खोली एका होंडुरासच्या मुलीला दिली. तिला निळा रंग आवडला.

काम ठीक चाललं आहे. ती बुधवारची मुलगी परवा मला विचारत होती की याने खरंच मन मोकळं होतं का. मी हो म्हटलं. दुकानात उभं राहून दुसरं काय म्हणणार? मी स्वतः मात्र आता पीत नाही. मला रात्री झोप हवी आहे.

मला राग आला आहे, ताई. तुझ्यावर, आणि खूप. तू त्याला नीट वाढवलंस, अंगाला लावून घेतलंस, म्हणूनच तो तुझ्याजवळ राहिला. यावर तुला दोष तरी काय देऊ? दोष देता येत नाही म्हणूनच जास्त राग येतो.

तू घटकाभर चुलीपासून उठून बाहेर गेलीस आणि मडक्यात फेस आला, याचं सगळ्या गावाला कौतुक आहे. मी तर तो चार वर्षांचा असल्यापासून बाहेर आहे. तेव्हा यापुढे तुमच्याकडे कधी फेस आला नाही, तर माझं नाव घेऊ नका.

लोभ ठेव.

सेनाइदा